पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय: गावचा इतिहास शोधणाऱ्याच्या नजरेतून

कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे देशातल्या सगळ्यांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. १५ सप्टेंबर १८३२ रोजी ‘पुब्लिका लिव्रारिया’ या नावानं ते सुरू झालं आणि पुढं ख्रिस्ती मठ बंद झाले तेव्हा तिथली पुस्तकंही इथं आली. आता ते पाटोला, संस्कृती भवनात आहे. कदंब बसस्थानकावरून चालत जाता येतं. पण गोव्यातल्या एखाद्या गावाचा, देवस्थानाचा किंवा घराण्याचा माग काढायचा असेल, तर वाचनकक्षात न रेंगाळता दुर्मीळ आणि पोर्तुगीज ग्रंथांकडं वळा. खरा माल तिथं आहे.

इथं मिळतं ते मुख्यतः छापील साहित्य, हे आधीच लक्षात घ्यावं. गोव्यात पहिला छापखाना १५५६ मध्ये आला खरा, पण पुढं छपाई दीर्घकाळ बंद होती. ती पुन्हा सुरू झाली १८२१ मध्ये, ‘गाझेता द गोवा’ या पत्राबरोबर. त्यामुळं सतराव्या-अठराव्या शतकातला गावगाडा शोधत इथं आलात तर निराश व्हाल. त्यासाठी पणजीतलंच पुराभिलेख खातं गाठावं लागतं. त्याची सुरुवात १५९५ ची, पहिला अभिलेखपाल दियोगु द कोतु, आणि तिथली कागदपत्रं हस्तलिखित. दोन्ही जागांची गल्लत करून अर्धा दिवस घालवणारे कमी नाहीत.

एकोणिसाव्या शतकासाठी मात्र हे ग्रंथालय म्हणजे खाण आहे, आणि त्यातला सगळ्यांत मोलाचा ऐवज म्हणजे १८३७ पासून निघालेलं सरकारी राजपत्र, ‘बोलेतिम’. पहिली पानं कायद्यांची आणि नेमणुकांची, ती भराभर उलटावीत. गाव सापडतं ते मागच्या बारीक टायपातल्या जाहिरातींत: गावकरीच्या (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) जमिनी फोराला, म्हणजे ठरावीक वार्षिक खंडावर, देण्याच्या सूचना, कोर्टाचे लिलाव, वारसांना केलेली बोलावणी. फोराच्या सूचनेत जमिनीचं स्थानिक नाव आणि चारही दिशांच्या हद्दी असतात. ‘नासेंत’ म्हणजे पूर्व, ‘पोएंत’ म्हणजे पश्चिम. शेजारच्या जमिनींच्या मालकांची नावं याच ओळींत मिळतात. खंडाला सूची असली तरी तिच्यावर विसंबू नका, ती प्रामुख्यानं कायदे आणि हुकमांची असते. अंदाजे साल ठरवून त्याच्या अलीकडची-पलीकडची दोन-दोन वर्षं पान-पान चाळणं हाच खात्रीचा मार्ग. कंटाळवाणा आहे, पण त्याला पर्याय नाही.

शोध फसतो तो बहुधा नावांपाशी. पोर्तुगीज लेखनात ‘क’साठी ‘सी’ किंवा ‘क्यू-यू’ येतं, ‘श’साठी ‘एक्स’, आणि शेवटच्या अनुनासिकाला ‘एम’. म्हणून केपें ‘क्यू’मध्ये शोधायचं, ‘के’मध्ये नाही. डिचोली तिथं ‘बिशोलिम’ होते, साखळी ‘सांकेलिम’. आडनावांत शेणवीचं ‘सिनाय’, प्रभूचं ‘पोरोब’, कामतचं ‘कामोतिम’, आणि सावंतवाडीकर भोसल्यांचं ‘बोंसुलो’. त्यात १९११ मध्ये पोर्तुगीज शुद्धलेखन बदललं: त्याआधीचे ‘पी-एच’ पुढं ‘एफ’ झाले, दुहेरी अक्षरं एकेरी झाली. म्हणून प्रत्येक शब्दाची जुनी आणि नवी अशी दोन्ही रूपं घरूनच लिहून आणावीत. तारखांतही एक खोच आहे. ‘प्रोसिमु पासादु’ असं असेल तर महिना अंकाच्या तारखेचा नसून त्याच्या आधीचा असतो.

वृत्तपत्रं मागवताना नाव नेमकं सांगा. ‘ओ एराल्दु’ हे १९०० मध्ये सुरू झालेलं दैनिक, आणि ‘ओ’ नसलेलं ‘एराल्दु’ हे १९०८ चं वेगळंच पत्र. दोन्हींमागं मेसियस गोमिश हेच नाव असल्यानं गोंधळ पक्का.

देवस्थानाचा वाद किंवा महाजनांची यादी हवी असेल तर १८८६ च्या माझानिया (देवस्थानच्या महाजनांची संस्था) नियमावलीपासून सुरुवात करावी. तिच्यानंतरच्या कागदांत महाजन, वहिवाट आणि उत्पन्न यांची भाषा ठरून गेली आहे, त्यामुळं तेच शब्द पुढच्या सूचनांत ओळखता येतात. गावकरीच्या इतिहासासाठी फिलिप नेरी शाव्हिएरचं १८५२ चं पुस्तक आजही पहिलं पाऊल ठरतं. कुन्या रिव्हारानं संपादित केलेले ‘आर्किव्हु पोर्तुगेझ-ओरिएंताल’ या जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांच्या संग्रहाचे खंड जालावरही सापडतात, त्यांच्यासाठी इथली वेळ दवडू नका.

उणीव सांगायची तर ती संग्रहाच्या स्वभावातच आहे. छापखाना राज्यकर्त्यांचा आणि शिकल्या-सवरल्या वर्गाचा होता. म्हणून तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादींचा, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखाचा, कागद भरपूर मिळतो आणि नंतर जिंकलेल्या नव्या काबिजादींतल्या पेडणे, सत्तरी, काणकोणचं चित्र विरळ राहतं. तिथल्या घरांतले मोडी कागद, देवळांच्या वह्या आणि मराठी नियतकालिकं यांची जोड दिल्याशिवाय ते भरत नाही. कुळांची आणि मजुरांची नावं तर सूचनांत क्वचितच येतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला कागद आम्लधर्मी असतो, त्यात गोव्याची दमट हवा. पान कोपऱ्यावर धरून ओढलं की तुकडा हातात येतो. खंड सपाट टेबलावर ठेवा, पूर्ण उघडून दाबू नका, शाईचं पेन लांब ठेवा. फोटोची परवानगी आधी विचारा आणि फ्लॅश बंद ठेवा. प्रत्येक पानाच्या आधी अंक, तारीख आणि पृष्ठ दिसणारा एक फोटो घ्या, नाहीतर घरी आल्यावर कुठली सूचना कुठल्या वर्षाची हे कळायला मार्ग राहत नाही.