कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा: केबलने, वायफायने की घरच्या नेटवर्कवरून?

आधी एवढंच ठरवा, जे बघायचं आहे ते आहे कुठे? टीव्ही स्मार्ट असेल आणि यूट्यूब, ओटीटी एवढ्यावरच भागत असेल, तर कॉम्प्युटर जोडायच्या फंदात पडू नका. टीव्हीतलं अ‍ॅप ते काम जास्त चांगलं करतं. कॉम्प्युटर लागतो तो हार्डडिस्कवरच्या ठेव्यासाठी: लग्नाचं शूटिंग, गाण्यांच्या मैफलींची रेकॉर्डिंग, साठवलेले चित्रपट. किंवा टीव्हीवर जिचं अ‍ॅपच नाही अशा एखाद्या वेबसाइटसाठी.

दोन्ही एकाच खोलीत असतील तर माझं उत्तर ठाम आहे, एचडीएमआय केबल. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून जातात, इंटरनेट गेलं तरी फरक पडत नाही आणि कॉम्प्युटरवर जे चालतं ते सगळं टीव्हीवर दिसतं. मराठी सबटायटलचं उदाहरण घ्या. पेनड्राइव्हवरून लावली तर काही टीव्हींवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात, काहींवर जोडाक्षरं फुटतात. केबल लावली की अक्षरं कॉम्प्युटरच उमटवतो, त्यामुळे नीट वाचता येतात.

विकत घेण्याआधी पोर्ट मात्र तपासा. लॅपटॉपला नुसतं टाइप-सी असेल, तर प्रत्येक टाइप-सीमधून चित्र बाहेर येत नाही. मॉडेलच्या माहितीत डिस्प्लेपोर्टचा उल्लेख आहे का ते बघा. जुन्या व्हीजीए पोर्टमधून फक्त चित्र येतं, आवाजासाठी वेगळी वायर ओढावी लागते. फोर-के टीव्ही असेल तर एचडीएमआय १.४ च्या पोर्टमधून सेकंदाला ३० फ्रेमच (म्हणजे चित्रंच) मिळतात, ६० साठी २.० लागतं. चित्रपटाला ३० पुरतात, माउस मात्र अडखळत चालतो.

जोडल्यावर आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर साउंडच्या सेटिंगमध्ये टीव्ही निवडा. चित्राच्या कडा कापल्या गेल्या तर टीव्हीच्या पिक्चर मेन्यूत ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ शोधा. आणि एक सेटिंग अशी आहे की तिच्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत, रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो ते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, पडदा ६० वेळा बदलणारा. पूर्ण भाग जात नाही म्हणून एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवली जाते, आणि कॅमेरा संथ सरकताना चित्र गचके खातं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये २४ निवडता आलं तर जरूर निवडा. आपल्याकडच्या व्हिडिओ कॅसेट पॅल पद्धतीच्या, २५ फ्रेमच्या. त्यांवरून उतरवलेल्या शूटिंगला ५० लावा. ताईच्या लग्नाची कॅसेट आम्ही कॉम्प्युटरवर घेतली होती. ५० वर लावल्यावर वरात पहिल्यांदा न अडखळता चालताना दिसली आणि आईने ती पुन्हा लावायला सांगितली.

केबलचा खरा धोका विजेचा आहे. कित्येक घरांत अर्थिंग नीट नसतं, तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून भागवलेलं असतं. मग लॅपटॉपच्या धातूला हात लागला की मुंग्या येतात. केबलवाल्याच्या वायरीतूनही टीव्हीवर असा प्रवाह उतरू शकतो, आणि एचडीएमआय जोडताना तो पोर्टमधून वाट काढतो. आमच्या टीव्हीचं एक पोर्ट असंच गेलं. म्हणून टीव्ही आणि लॅपटॉप दोन्हींचे प्लग आणि केबलवाल्याची वायर काढा, एचडीएमआय जोडा, मगच चालू करा. मुंग्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आता वायफाय. विंडोजवर ‘विंडोज’ आणि ‘के’ ही बटणं एकत्र दाबली की मिराकास्टने, म्हणजे बिनवायरीने पडदा पाठवायच्या सोयीने, सगळा स्क्रीन टीव्हीवर जातो. वायर नाही ही सोय मोठी. पण कॉम्प्युटर चित्र पुन्हा दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवतो, त्यामुळे ते थोडं धूसर होतं आणि उशिराही पोचतं. सहलीचे फोटो दाखवायला छान, तीन तासांच्या चित्रपटाला मी वापरणार नाही. वायफाय नसलेल्या डेस्कटॉपवर हे चालतच नाही, आणि अ‍ॅपलच्या मॅकमध्ये मिराकास्ट नाही, तिथे अ‍ॅपलची तशीच सोय, एअरप्ले, लागते. टीव्हीत क्रोमकास्ट (गूगलची व्हिडिओ टीव्हीवर लावायची सोय) असेल तर यूट्यूबचा व्हिडिओ टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून घेतो, लॅपटॉप नुसता रिमोट होतो. म्हणून तो स्वच्छ दिसतो.

डेस्कटॉप आतल्या खोलीत आणि टीव्ही हॉलमध्ये, अशा घराला तिसरा मार्ग बरा. कॉम्प्युटरवर जेलिफिन किंवा प्लेक्स हे साठवलेले व्हिडिओ घरच्या नेटवर्कवरून टीव्हीला पुरवणारं सॉफ्टवेअर टाकायचं आणि टीव्हीवर त्याचं अ‍ॅप. जेलिफिन फुकट आहे. बसवायला एक संध्याकाळ जाते, पण नंतर आजीही रिमोटवरून पोस्टर बघून चित्रपट लावते. कॉम्प्युटर चालू ठेवावा लागतो आणि वायफायची रेंज भिंतींपलीकडे टिकली पाहिजे. ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्याची लवकर मरते. जमेल तर डेस्कटॉप राउटरला वायरीनेच जोडा.

एकाच चित्रपटासाठी पेनड्राइव्ह पुरे. फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असेल तर फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर बसणार नाही, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा (आतलं सगळं पुसलं जातं), पण टीव्ही ते वाचतो का हे आधी बघा. चित्र दिसलं आणि आवाज नाही, तर बहुधा डीटीएस या पद्धतीचा आवाज टीव्हीला वाचता येत नसतो; तीच फाइल केबलवर बोलते, कारण तिथे आवाज कॉम्प्युटर वाचतो.

केबल घ्यायचं ठरलं तर दुकानात जाण्याआधी एक सुतळी घ्या. लॅपटॉपच्या जागेपासून भिंतीच्या कडेने, कपाटामागून टीव्हीच्या पोर्टपर्यंत नेऊन मोजा आणि अर्धा मीटर वाढवा. फोर-केसाठी साधी केबल ५ मीटरच्या आत ठेवा. माप त्यापुढे गेलं तर लॅपटॉपच टीव्हीजवळ न्या आणि हातात बिनवायरीचा माउस घ्या.