पाणी कुठे जातंय ते आधी शोधणारं गॅरेज, वागळे इस्टेट, ठाणे

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली लिहिलंय.

गाडी 2009 ची वॅगन आर, 1061 सीसीवालं जुनं इंजिन. पंधरा वर्षं झाली म्हणून आरटीओत री-पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली, बायकोचं "विकून टाक आता" चालूच होतं, मी गाडीच्या बाजूने भांडत होतो आणि नेमकं तेव्हाच हिने पाणी प्यायला सुरुवात केली. हिने म्हणजे गाडीने. दर आठ-दहा दिवसांनी कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली मिनिममच्या खाली. पार्किंगमधे गाडीखाली पुठ्ठा अंथरून बघितला, दोन रात्री, एक थेंब नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, डिपस्टिकवर ऑईल स्वच्छ, दुधाळ वगैरे काही नाही. फक्त कापूरबावडीला ट्रॅफिकमधे अडकलो की एसीतून गोडसर वास यायचा, मुलगी म्हणायची बाबा कोणीतरी पाक करतंय.

आधी घराजवळच्या एका गॅरेजवाल्याकडे नेली होती, नाव लिहीत नाही. तो म्हणाला हळद टाकूया. हसू नका, रेडिएटरमधे हळद टाकायचा उद्योग आपल्याकडे अजून चालतो, बारीक भोक असेल तर थोडे दिवस बुजतंसुद्धा, पण तीच हळद पुढे हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते मग ती कोण काढणार. मी नको म्हटलं तर रेडिएटर बदलला, 3,800 गेले. मग झाकण बदललं. मग पाणी आठ दिवसांऐवजी चारच दिवसांत संपायला लागलं, तर म्हणे हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवायला लागेल, पंधरा हजार धरून चला. तिथून गाडी काढली.

या गॅरेजचं ऑफिसमधल्या एकाने सांगितलं. फोनवर गॅरेजवाल्या काकांनी पहिलं वाक्य काय टाकलं तर "आदल्या रात्री गाडी आणून ठेवा, मला इंजिन थंड पाहिजे." गरम इंजिनचं रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे त्यांना प्रेशर टेस्ट थंड्या इंजिनवरच करायची असते, गरम असताना जे थेंबभर गळतं ते लगेच वाळून जातं, दिसतच नाही.

सकाळी नऊला गेलो तर झाकणाच्या जागी एक हातपंप लावलेला, सायकलच्या पंपासारखा, वर दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ. काटा 0.9 वर येईपर्यंत हवा भरली आणि काका चहा प्यायला गेले. खरंच. दहा मिनिटांनी आले तर काटा 0.7 वर. म्हणाले, "बघा, इंजिन बंद आहे, तरी खाली आला. म्हणजे कुठेतरी गळतंय. आता उगाच पार्ट नका बदलू, शोधायचं फक्त." मग डेंटिस्टकडे असतो तसला आरसा आणि टॉर्च घेऊन मागच्या बाजूला, जिथे इंजिन संपतं आणि केबिनची भिंत सुरू होते, तिथे घुसले आणि मलाही वाकायला लावलं. हीटरच्या होज पाईपवर क्लिपच्या अगदी कडेला एक हिरवट पांढरा खडूसारखा थर जमलेला, आणि त्यातून हळूच एक थेंब फुगत होता. तो खाली पडायच्या आधी इंजिनवर ओघळत होता. चालत्या गाडीत तिथेच वाफ होत असणार, पुठ्ठ्यावर काय येणार डोंबल. एसीतला वासही तिथूनच, बाहेरची हवा आत घ्यायची जागा तिथेच वर आहे.

गंमत बघा, ठाण्यात हीटर कोण लावतं? सतरा वेळा सोडा, एकदासुद्धा लावला नसेल. पण काका म्हणाले हीटर लावा नाहीतर नका लावू, त्या पाईपात प्रेशर असतंच, आणि इतक्या वर्षांत रबर क्लिपखाली कडक होऊन चिरतं.

मग झाकणावर गाडी आली. आधीच्या माणसाने बसवलेल्या नव्या झाकणावर 1.1 लिहिलेलं. जुनं मी डिकीत टाकून ठेवलं होतं (घरात माझ्या या सवयीला भंगारवाला म्हणतात), त्यावर 0.9. झाकण प्रेशर धरून ठेवतं म्हणून साधं पाणीसुद्धा 100 डिग्रीला न उकळता 118 च्या आसपास जातं, पण म्हणून जास्तीचं झाकण लावलं की गाडी जास्त थंड राहते असं नाही, उलट म्हाताऱ्या पाईपांवर तेवढा जोर वाढतो. माझं पाणी चार दिवसांत का संपत होतं ते इथे कळलं. पैसे देऊन गळती वाढवून घेतली मी.

हेड गॅस्केटचं पण तपासलंच, मीच आग्रह केला. एका नळीत निळं पाणी असतं, ती रेडिएटरच्या तोंडावर धरून इंजिन चालू करतात, सिलेंडरमधला गॅस कूलंटमधे येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. निळंच राहिलं. पंधरा हजार वाचले, आणि मला त्या निळ्या पाण्याला मिठी मारावीशी वाटली.

आणखी एक सापडलं, थर्मोस्टॅट वॉल्वच (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून ठेवणारा) आत नव्हता. कधीतरी कोणीतरी "आपल्याकडे गरमी, कशाला लागतो" म्हणून काढून फेकलेला. हायवेला टेंपरेचरचा काटा कायम खाली का असायचा आणि अ‍ॅव्हरेज का पडलं होतं याचं उत्तर तेच म्हणे. नवीन, 82 डिग्रीला उघडणारा बसवला. हीटरचे दोन्ही पाईप, चार स्क्रूवाल्या क्लिपा, 0.9 चं झाकण, कूलंट, टेस्ट आणि मजुरी धरून 2,950. नळाचं पाणी घालू नका हे तीनदा बजावलं, क्षार धरतात.

आता कापलेला स्टार. दुपारी दोनला देतो म्हणाले, गाडी मिळाली सव्वासहाला, आणि कूलंट भरल्यावर हवा नीट काढायला वेळ लागतो हे मान्य पण एक फोन तरी करायचा ना. फोन उचलत नाहीत तो वेगळाच विषय. बिल मागितल्यावर दिलं, स्वतःहून नाही. बसायला जागा म्हणजे एक तुटकी सीट, बहुतेक ओम्नीची. गल्ली इतकी अरुंद की समोरून टेम्पो आला की रिव्हर्स तुम्हीच घ्यायचा.

दीड महिना झाला. गायमुखचा घाट एसी लावून तीन वेळा चढलो, काटा अर्ध्याच्या खाली. बाटलीवर त्यांनी मार्करने रेघ मारून दिली होती, परवा सकाळी बघितलं तर पाणी रेघेपेक्षा बोटभर वर, मी घाबरून फोन केला. चक्क उचलला. "साहेब, इंजिन गरम असताना बघितलंत ना? गरम झालं की पाणी फुगतं." हो, दूध आणायला जाऊन आलो होतो.

रविवारी बंद असतं. शनिवारी रात्री गाडी ठेवायला जाऊ नका, मी गेलो होतो.