एम्पाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ: ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यासकट वर्षभराचा अनुभव

आधी निकाल सांगते. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) डिसेंबरापर्यंत ८.६ वरून ७.४ वर आला, वजन तीन किलोंनी उतरलं, उपाशीपोटीची साखर १७० च्या घरात असायची ती आता १२५-१३० असते. मधुमेहाची ही गोळी मला लागू पडली आणि मी ती चालू ठेवणार आहे. पण ही गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः बायकांना, तीन गोष्टी सुरुवातीलाच कुणीतरी स्पष्ट सांगायला हव्यात, म्हणून एवढं लिहिते आहे.

मधुमेह जुना आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडवर बरीच वर्षं निभावलं, मग चालणं, पथ्य सगळं सांभाळूनही आकडा खाली येईना. गेल्या वर्षी होळीनंतर डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन जोडली. ग्लिमेपिराइड त्याच दिवशी अर्धी केली, कारण दोन्ही पूर्ण डोसमध्ये घेतल्या तर साखर एकदम खाली जाण्याची भीती असते. वेळही जमून आली. मार्च २०२५ मध्ये या औषधाचं भारतातलं पेटंट संपलं आणि बऱ्याच कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या. आधी एक गोळी साठ रुपयांच्या आसपास पडायची, आता दहा रुपयांच्या आगेमागे मिळते. पेन्शनवर चालणाऱ्या घरात हा फरक फार मोठा आहे.

काम कसं करते ते मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. आपली मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० ग्रॅम साखर रक्तातून गाळतात आणि जवळजवळ सगळी परत रक्तात घेतात. ही गोळी त्या परतीच्या वाटेवर अडसर घालते, त्यामुळे साखरेचा काही भाग लघवीवाटे निघून जातो. इन्शुलिनवर तिची भिस्त नाही, म्हणून जुन्या मधुमेहातही चालते. मात्र मूत्रपिंडांचं काम मंदावलं असेल तर साखरेवरचा परिणाम कमी होतो, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं किती गाळतात त्याचा आकडा, बघतात. या औषधांचा मूळपुरुष फ्लोरिझिन नावाचा पदार्थ, १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून काढलेला. मला हे वाचून फार नवल वाटलं.

लघवीच्या तपासणीत आता कायम साखर दिसते, तीही तीन-चार अधिकचिन्हांनी. मुलगा रिपोर्ट बघून घाबरला होता. गोळी चालू असताना ते तसंच दिसणार. लघवीतल्या साखरेवरून काही ठरवायचं नाही, रक्ताचीच तपासणी बघायची.

आता पहिली गोष्ट, पाणी. साखर बाहेर जाताना पाणी सोबत घेऊन जाते. ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, लू चालते, आणि लश्कर भागातल्या आमच्या जुन्या घराचा वरचा मजला तर भट्टीसारखा तापतो. सुरू केल्यावर काही आठवड्यांनी महाराज बाड्याच्या बाजारातून भाजी घेऊन आले की खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. रक्तदाब मोजला तर वरचा आकडा शंभरच्याही खाली. माझ्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं. डॉक्टरांनी ती बदलून दिली आणि अंधारी थांबली. ज्यांच्या गोळ्यांत असं औषध आहे त्यांनी उन्हाळ्याआधीच विचारून घ्यावं. बाहेर जाताना पाण्याची बाटली हवीच. हृदयाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या. गोळी सकाळी घ्यावी, म्हणजे रात्री सारखं उठावं लागत नाही.

दुसरी गोष्ट बायका एकमेकींशीही बोलत नाहीत. लघवीत साखर असली की लघवीच्या जागी बुरशी वाढायला वाव मिळतो. पावसाळ्यात मला खाज, आग आणि पांढरा स्राव सुरू झाला. स्त्रीरोगतज्ज्ञांनी मलम आणि एक कॅप्सूल दिली, आठवड्यात बरं वाटलं. २०१५ मध्ये या औषधाची जी मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, सात हजारांवर रुग्णांची, तिच्यात दर दहा बायकांमागे एकीला असा संसर्ग झाला होता. पुरुषांतही होतो, त्यांच्यात प्रमाण साधारण निम्मं. त्याच चाचणीत हृदयविकार असलेल्या रुग्णांमध्ये हृदयामुळे होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले होते. इतकं मोलाचं औषध केवळ संकोचापायी मुकाट्याने बंद करू नका. माझ्या जाऊबाईंच्या ओळखीतल्या एकींनी तसंच केलं, डॉक्टरांना सांगितलंही नाही, साखर पुन्हा चढली. प्रत्येक वेळी साध्या पाण्याने धुवून कोरडं करायचं, सुती कपडे घालायचे, साबण तिथे लावायचा नाही. त्यानंतर मला पुन्हा त्रास झालेला नाही. मात्र त्या भागात सूज, असह्य वेदना आणि ताप असं एकत्र आलं तर घरी न थांबता इस्पितळ गाठायचं. ते क्वचितच घडतं, पण जिवावर बेतू शकतं.

तिसरी गोष्ट उपासाची. आमच्याकडे दोन्ही एकादश्या असतात, नवरात्र असतं. ही गोळी चालू असताना पोटात काही नसेल, किंवा उलट्या-जुलाब होत असतील, तर रक्तात कीटोन (शरीर चरबी जाळताना तयार होणारे पदार्थ) वाढून अ‍ॅसिड साचू शकतं. आणि धोका असा, की त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप, विलक्षण थकवा अशी चिन्हं असली तर आकडा बरा दिसतोय म्हणून बसून राहायचं नाही. आमच्या डॉक्टरांचा नियम: निर्जळी उपास मुळीच नाही, आणि खाणं-पिणं बंद पडेल अशा आजारपणात गोळी थांबवून लगेच फोन करायचा. ठरलेल्या ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधीही ती बंद करायला सांगतात. भात-पोळी पूर्ण सोडण्याचं फॅड सध्या बरंच आहे, ते या गोळीबरोबर विचारल्याशिवाय करू नये. मी एकादशीला आता दोन वेळा थोडं थोडं खाते, दूध, फळ, राजगिऱ्याची भाकरी. साबुदाणा सोडला, साखर फार चढते.

थंडीत आकडा थोडा हलला. ग्वाल्हेरचा मेळा लागतो, घरात तिळाची गजक येते, संक्रांतीचा तिळगूळ असतो. डिसेंबरातल्या ७.४ चे फेब्रुवारीअखेर ७.६ झाले. गोळी लघवीतून काढते ती साखरेचा काही भागच, वर खाल्लेलं सगळं ती काढणार नाही. ईजीएफआर सुरुवातीला किंचित उतरला होता, तसा उतरतो आणि मग स्थिरावतो असं डॉक्टर म्हणाले, आणि तसंच झालं.

टाइप वन मधुमेह असणाऱ्यांनी, डायलिसिसवर असणाऱ्यांनी किंवा लघवीचा संसर्ग वारंवार होणाऱ्यांनी दुसऱ्याचं पाहून ही सुरू करू नये. मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ऊन तापण्याआधी, रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घेणार आहे, मग उन्हाळ्यापुरत्या रक्तदाबाच्या गोळ्या तशाच ठेवायच्या की कमी करायच्या ते ठरेल.