थंडीआधीची वायरिंग तपासणी: नाशिकच्या एका वायरमनच्या कामाचा अनुभव

जुन्या इमारतीत राहत असाल तर दिवाळीच्या आधी एकदा वायरमन बोलवाच. फक्त तो 'गिझर चालू होतोय ना, मग झालं' म्हणणारा नको, मीटर लावून बघणारा हवा. आमच्याकडे यंदा असा माणूस आला आणि त्याने जे दाखवलं ते बघून मी हादरले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमची इमारत गंगापूर रोडवरची, 1994 ची. तेव्हा पंखे, ट्यूबलाइट, फ्रिज, टीव्ही एवढाच लोड धरून वायरिंग झालं. गिझर, ओव्हन, इन्व्हर्टर, हीटर हे सगळं मागाहून आलं. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की इकडे शहरातही पहाटे हुडहुडी भरते आणि सगळ्या बिल्डिंगचे गिझर एकाच वेळी चालू होतात. त्यात सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. कार्तिक लागला की काकडआरतीसाठी त्यांना पहाटे पाचला अंघोळ लागते. बाथरूमच्या बटणाला पहिला ओला हात त्यांचा लागतो, त्यामुळे या कामात मला चालढकल करायची नव्हती.

आमच्याकडे आलेले काका शासनाचा परवाना असलेले वायरमन आहेत. घरभर तपासणीचे 700 रुपये, सामान दुकानाच्या बिलाप्रमाणे, आणि बदलायच्या कामाची मजुरी आधी सांगून. आल्या आल्या त्यांनी डीबीचं, म्हणजे घरातल्या सगळ्या सर्किटच्या मुख्य बोर्डाचं, झाकण उघडलं आणि आरसीसीबीवरचं (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) 'टी' लिहिलेलं, तो चालतो का ते बघायचं छोटं बटण दाबलं. खटका पडला. आणि घरातले दिवे, पंखे, फ्रिज सगळं चालूच!

"ताई, हा नुसता शोभेला बसवलाय," काका म्हणाले. आउटगोइंगच्या, म्हणजे त्यातून पुढे घरात जाणाऱ्या वायरी काढून सरळ इनकमिंगच्या, म्हणजे मीटरकडून लाइन येते त्या बाजूला जोडलेल्या होत्या. मला बॅटरीच्या उजेडात दाखवल्या. मागे इन्व्हर्टर बसवायला आलेल्या माणसाने हे करून ठेवलं होतं. तेव्हा आरसीसीबी सारखा पडत होता, आणि त्याने 'आता नाही पडणार' असं सांगून पैसे घेतले होते. खरंच पडला नाही, कारण तो वाटेतूनच काढून टाकला होता. एवढे हिवाळे सासूबाई त्या गिझरखाली अंघोळ करत होत्या, हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

तो का पडत होता, तेही काकांनी शोधलं. फेजमधून जेवढा करंट जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं काम एवढंच, की तेवढा फरक पडला तर क्षणात लाइन तोडायची, कारण तो हरवलेला करंट कदाचित माणसाच्या अंगातून जमिनीत जात असतो. आमच्याकडे इन्व्हर्टरच्या सर्किटची न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच्या पट्टीला जोडली होती. करंट आरसीसीबीतून जायचा आणि परस्पर बाहेरून परतायचा. आरसीसीबीला वाटायचं, गळती आहे. न्यूट्रल योग्य पट्टीवर आणली, मूळ जोडणी पूर्ववत केली आणि पुन्हा 'टी' दाबलं. घर अंधारात गेलं, तेव्हा कुठे मला हायसं वाटलं. तेव्हापासून एकदाही उगाच पडलेला नाही.

आमच्यासारखाच अनेकांचा समज असतो की एमसीबी आहे म्हणजे शॉक लागणार नाही. तसं नाही. एमसीबी वायरला वाचवतो, जास्त लोड आणि शॉर्टसर्किटपासून. माणसाला वाचवायला आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग, दोन्ही लागतं. अर्थिंगही त्यांनी प्रत्येक पॉइंटवर मीटरने बघितलं. फक्त गिझरच्या पॉइंटला अर्थची वायर स्क्रूमधून निसटलेली निघाली, म्हणजे नेमकी नको तिथे.

गिझरचं दुखणं तेवढ्यावर संपलं नाही. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टला साधारण 8.7 अँपिअर घेतो. आमच्या प्लगची एक पिन तपकिरी झाली होती आणि सॉकेटच्या आत प्लास्टिक वितळल्याची खूण होती. सैल पकडीमुळे तिथे रोज सकाळी उष्णता तयार होत होती. वायर दीड एमएमची, आणि तिच्यावर एमसीबी 32 अँपिअरचा. म्हणजे वायर जळेल, पण एमसीबी पडणार नाही. काकांनी अडीच एमएमची तांब्याची नवी वायर ओढली, 16 चा एमसीबी घातला आणि सॉकेट बदललं. जुनं सॉकेट टेबलावर ठेवून सासूबाईंना म्हणाले, "आजी, हे बघा, हे भिंतीत होतं." त्यानंतर आजींनी स्वतःहून पाण्यात टाकायचा रॉड माळ्यावर ठेवायला सांगितला. आम्ही इतकी वर्षं सांगून जे झालं नाही, ते त्या एका सॉकेटने झालं.

हीटरचा मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्टर त्यांनी काढून घेतला. 6 अँपिअरच्या सॉकेटमधून जवळजवळ 9 अँपिअर ओढायचे नसतात, एक्स्टेन्शन बोर्डावरून तर मुळीच नाही. बेडरूममध्ये एक 16 चा पॉइंट वेगळा काढून दिला.

मला सगळ्यात आवडलं ते शेवटचं काम. गिझर आणि हीटर दोन्ही अर्धा तास एकदम चालू ठेवले, क्लॅम्प मीटरने करंट बघितला, मग एकेका एमसीबीवर आणि सॉकेटवर हाताची मागची बाजू टेकवून बघितली. कुठे गरम लागतंय का, हे लोड टाकल्याशिवाय कळत नाही. वीजबिलावरचा मंजूर भार वाचून, तो आमच्या वापराला कमी आहे, महावितरणकडे वाढवायचा अर्ज करा, असंही सुचवलं.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. आधी एकाने सगळं घर उकरून नवीन वायरिंग करा म्हणून मोठा आकडा सांगितला होता. काकांनी उपकरणं काढून मेगर नावाच्या मीटरने जुन्या वायरींचं इन्सुलेशन तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, बाकीच्या वायरी चांगल्या आहेत, हात लावू नका. आयतं मोठं काम सोडून देणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो.

उणं काय, तर वेळ. सकाळी दहाचे सांगून दुपारी आले, फोनही केला नाही. भिंतीला पाडलेल्या खाचा भरून देत नाहीत, गवंडी आपला आपण बघायचा. गिझरच्या टाकीतले क्षार काढणं त्यांच्याकडे होत नाही, आणि आमच्याकडे बोअरचं पाणी असल्याने ते कंपनीच्या माणसाकडून वेगळं करून घ्यावं लागलं. हिशोब वहीच्या कागदावर लिहून मिळतो, त्यामुळे सोसायटीच्या कामासाठी पक्कं बिल हवं असेल तर आधीच बोला. माझ्या दृष्टीने या कामापुढे या अडचणी किरकोळ आहेत.

तुम्ही दुसऱ्या कोणाला बोलावणार असाल तर फोनवरच विचारा: क्लॅम्प मीटर आणि मेगर घेऊन येणार का, अर्थिंग प्रत्येक पॉइंटला बघणार का, आणि आरसीसीबीचं बटण माझ्यासमोर दाबणार का. दसऱ्याच्या आधी फोन करा. नंतर रोषणाईची कामं सुरू होतात आणि चांगला माणूस आठवडा-आठवडा मिळत नाही.