टेक 45, एक्स्टेंडेड रेंज, टेक 1: पैसे नेमके कशाचे भरायचे?

टेक्निकल डायव्हिंगचे कोर्स विकणाऱ्या एजन्सींपैकी पॅडी, टीडीआय, एसएसआय आणि जीयूई ही नावं सतत कानावर येतात. या चौघांत नावं सरळ ठेवली आहेत ती फक्त पॅडीनं. टेक 40, टेक 45, टेक 50, ट्रायमिक्स 65 (ट्रायमिक्स म्हणजे ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हीलियमचं मिश्रण): आकडा म्हणजे मीटर, विषय संपला. बाकीच्यांच्या कार्डावरचं नाव वाचून किती खोल जायची परवानगी मिळाली ते समजत नाही. सोलापूरहून रजा काढून, चेन्नईची गाडी धरून पुढे विमानानं अंदमान गाठणाऱ्याला, किंवा थेट थायलंडच्या को ताओला जाणाऱ्याला ते निघण्याआधीच समजलेलं बरं.

आधी हद्द कुठली ते पाहू. करमणुकीचं डायव्हिंग 40 मीटरला संपतं, आणि तिथपर्यंतही अट एकच: कुठल्याही क्षणी सरळ वर येता आलं पाहिजे. वर येताना ठरलेल्या खोलीवर थांबणं सक्तीचं झालं, म्हणजेच डेको लागला, की ते टेक्निकल, थोडक्यात टेक. त्यामुळे 'ॲडव्हान्स्ड' या शब्दावर भाळू नका. पॅडीचं ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर पाच डाइव्हमध्ये हाती पडतं आणि 30 मीटरपुरतं असतं. एसएसआयमध्ये याच नावाच्या कार्डाला चार स्पेशालिटी (एकेका विषयाचे छोटे कोर्स) आणि 24 डाइव्ह लागतात. टीडीआयचं ॲडव्हान्स्ड नायट्रॉक्स (नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा) मात्र खरोखर टेकच्या वाटेवरचं आहे, आणि ॲडव्हान्स्ड ट्रायमिक्स तर 100 मीटरचं. 'मास्टर स्कूबा डायव्हर' भारदस्त वाटतं, पण त्याचा टेकशी काडीचा संबंध नाही.

म्हणून कुठल्याही कार्डाबद्दल तीनच गोष्टी विचारायच्या: खोली किती, डेको किती, आणि कोणता गॅस.

या कसोटीवर पॅडीचा टेक 40 घेतला तर खोली 40 मीटर, डेको जास्तीत जास्त 10 मिनिटं, आणि 50 टक्क्यांपर्यंत ऑक्सिजनचं एक जादा सिलिंडर. खोली डीप स्पेशालिटीएवढीच, म्हणून 'यात नवीन काय मिळालं?' असं अनेकांना वाटतं. मिळते ती सवय: दोन स्वतंत्र रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं साधन), आखलेला डाइव्ह, मोजलेला गॅस. प्रवेशाला ॲडव्हान्स्ड, नायट्रॉक्स, डीप आणि 30 नोंदवलेले डाइव्ह हवेत, त्यांतले 10 नायट्रॉक्सवर आणि 18 मीटरच्या खाली. सोलापूरकर नेमका इथेच अडकतो. मालवणचे डाइव्ह उथळ, त्यामुळे वहीत संख्या भरते पण हे दहा भरत नाहीत. टेक 45 ला 50 डाइव्ह आणि रेस्क्यू, म्हणजे बचावाचा कोर्स, लागतो. त्यात 100 टक्क्यांपर्यंत ऑक्सिजनचा एक डेको गॅस, म्हणजे वर येताना थांब्यांवर घ्यायचा गॅस, वापरता येतो. टेक 50 ला 100 डाइव्ह आणि दोन डेको गॅस. तिन्ही एकत्र विकणारे भरपूर आहेत. मधे कुठे थांबावं लागलं तर तोवरच्या पायरीचं कार्ड मिळणार का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

टीडीआयची रचना अधिक लवचीक आहे आणि नावं अधिक गोंधळाची. ॲडव्हान्स्ड नायट्रॉक्समध्ये 100 टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन हाताळायला शिकवतात, पण खोली 40 मीटर आणि डेकोची परवानगी नाही. ती मिळते डीकॉम्प्रेशन प्रोसिजर्समध्ये, 45 मीटरपर्यंत. एकटा घेतला तर दोन्ही अर्धवट, म्हणून ते जोडीनंच घ्यावेत. ही जोडी साधारण टेक 45 च्या तोलाची. त्याच खोलीला हीलियम हवा असेल तर हेलिट्रॉक्स. मग येतो एक्स्टेंडेड रेंज: 55 मीटर, साध्या हवेवर. हा आकडा हवेतून उतरलेला नाही, ऑक्सिजनच्या मर्यादेतून आलाय. तळाशी ऑक्सिजनचा दाब 1.4 बारच्या वर जाऊ द्यायचा नाही. हवेत तो 21 टक्के, म्हणजे एकूण दाब 6.67 बार, म्हणजे (पृष्ठभागावर एक बार, पुढे दर 10 मीटरला एक) साधारण 56 मीटर. ऑक्सिजन काठावर आणि नायट्रोजनची गुंगी भरपूर. हा कोर्स आज घ्यावा असं आमचं मत नाही. त्यापेक्षा 60 मीटरच्या ट्रायमिक्सकडे सरका, डोकं ताळ्यावर राहील. त्या कोर्सच्या मिश्रणात ऑक्सिजन 18 टक्क्यांच्या खाली जात नाही. ॲडव्हान्स्ड ट्रायमिक्समध्ये मात्र तो इतका कमी असतो की पृष्ठभागावर तो गॅस घेऊन श्वासच घ्यायचा नाही. खाली उतरायला वेगळं सिलिंडर लागतं.

आता गंमत पाहा. एसएसआयमध्ये 'एक्स्टेंडेड रेंज' हे अख्ख्या टेक शाखेचं नाव आहे आणि त्यातल्या 45 मीटरच्या एका कोर्सचंही. 'मी एक्स्टेंडेड रेंज आहे' असं कुणी बोटीवर सांगितलं तर आधी एजन्सी विचारा. नाव एक, फरक 10 मीटरचा.

जीयूईचा खाक्या वेगळा. फंडामेंटल्स हा पायाचा कोर्स, पण पास होणं गृहीत नाही, आणि त्यातही टेक्निकल दर्जानं पास झालात तरच टेक 1 चं दार उघडतं: 51 मीटर, हीलियम पहिल्यापासून, एक डेको गॅस. टेक 2 म्हणजे 75 मीटर. कार्ड तीन वर्षांनी संपतं, डाइव्ह चालू ठेवून नूतनीकरण करावं लागतं. चौघांत शिस्त सर्वांत कडक, आणि कार्डाचा भरवसाही सर्वांत जास्त. लोक अडखळतात ते पाण्यात आडवं, स्थिर राहण्यात. हात मागे नेऊन व्हॉल्व्ह फिरवताना पाय खाली येतात आणि माणूस मीटरभर वर-खाली होतो.

हे व्हॉल्व्हचं काम जवळून समजून घेण्यासारखं आहे. 12 लिटरची दोन सिलिंडर मधल्या नळीनं जोडलेली असतात, वजन 35 ते 40 किलो, आणि डोक्यामागे तीन फिरक्या. उजवीकडच्या रेग्युलेटरवर साधारण 2.1 मीटरची लांब होज असते, जोडीदाराला हवा द्यायला. डावीकडचा रबरी दोरीनं गळ्यात. गळती झाली तर कोणती फिरकी बंद करायची हे न बघता कळायला हवं. डावी फिरकी छताला किंवा दोराला घासून आपोआप बंद होऊ शकते, म्हणून ती डाइव्हच्या मधे चाचपून पाहतात. याचा सराव करायला समुद्र लागत नाही. खांदे आखडलेले असतील तर घरी रोज हात मागे नेण्याचा व्यायाम करा आणि पोहण्याच्या तलावात स्थिर राहायला शिका. कोर्सचे पहिले दिवस त्यात वाया जाणार नाहीत.

एकाच सिलिंडरवर टेक का नको, त्याचा हिशेब सोपा आहे. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागत असतील तर 45 मीटरवर, साडेपाच बार दाबाला, 110 लिटर लागतात. 11 लिटरचं सिलिंडर 200 बारला भरलं की 2200 लिटर, म्हणजे जेमतेम 20 मिनिटं, राखीव काहीच न ठेवता. 12 लिटरच्या जोडीत 4800 लिटर. तिसरा हिस्सा राखला तरी 3200 उरतात.

अपघाताची मोठी जागा म्हणजे चुकीच्या खोलीवर चुकीचा गॅस. 50 टक्के ऑक्सिजनचं सिलिंडर 21 मीटरला, शुद्ध ऑक्सिजन 6 मीटरला. 21 मीटरवर शुद्ध ऑक्सिजन तोंडात गेला तर दाब 3.1 बार, आणि पाण्याखाली आकडी. म्हणूनच सिलिंडरवर खोलीचा आकडा ठळक लिहितात आणि बदलण्याआधी जोडीदाराला दाखवतात. हे घाईत उरकणारा इन्स्ट्रक्टर दिसला तर एजन्सी कुठलीही असो, कोर्स सोडा. साधा ओपन वॉटर इन्स्ट्रक्टर टेक शिकवू शकत नाही. त्याचा क्रमांक एजन्सीकडे तपासा आणि नेमक्या त्या पायरीची परवानगी आहे का ते पाहा.

परतीचा प्रवासही कोर्सचाच भाग धरा. डॅन या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या सूचना 610 ते 2438 मीटर उंचीवर जाण्याआधी किती थांबायचं त्यासाठी आहेत: डेको नसलेल्या एका डाइव्हनंतर 12 तास, अनेक डाइव्हनंतर 18, डेको झाला तर 18 हून बरेच जास्त. डेकोनंतर आम्ही 24 च्या खाली जाणार नाही. हे फक्त विमानाला लागू आहे असं समजू नका. आंबोलीचा माथा सुमारे 690 मीटरवर आहे. मालवणला दुपारी शेवटचा डाइव्ह मारून संध्याकाळी घाट चढणारे कैक आहेत; त्यांनी मुक्काम वाढवावा आणि हे तास भरल्यावरच निघावं.

फीचा आकडा ऐकून लगेच हो म्हणू नका. गॅस, जोड-सिलिंडर आणि बोट त्यात आहे का, हे लेखी मागा. ट्रायमिक्सच्या कोर्सला हीलियमचं बिल बहुतेक ठिकाणी वेगळं लागतं आणि ते फीच्या जवळ जाऊ शकतं.