६४० डॉलरचा ड्रायसूट आणि आत शिरलेलं ९ अंशांचं पाणी

८१० डॉलर गेले. ६४० ड्रायसूटचे (अंगाला पाणी लागू न देणारा बंद पोशाख), ११० फुगणाऱ्या लाइफ जॅकेटचे आणि "हा दुरुस्त होणार नाही" एवढं ऐकायला दुकानात मोजलेले ६०. सांगायची लाज वाटते, पण कोणाचा तरी जीव जाईल म्हणून लिहितोय.

मी सिएटलजवळ राहतो, कयाकमधून, म्हणजे वल्हवायच्या छोट्या होडीतून, मासे धरतो. प्युजेट साउंड या इथल्या खाडीत लिंगकॉड माशाचा हंगाम १ मे ते १५ जून, एवढाच. तेव्हा ऊन छान असतं, पाणी मात्र जेमतेम ९-१० अंश. मालवणच्या समुद्रात पोहून मोठा झालेल्या माणसाला त्याचा अंदाजच येत नाही. पडल्याबरोबर धाप लागून श्वास आत ओढला जातो, त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर संपलं. श्वास सावरला तरी पुढची दहाएक मिनिटंच हात धड चालतात. म्हणून कपडे हवा बघून नाही, पाणी बघून घालायचे. चांगला नवा ड्रायसूट हजार डॉलरच्या वर जातो. मुलीची फी नुकतीच भरली होती, म्हणून जाहिरातीच्या साइटवर जुना शोधला. यात माझं काय चुकलं? इथे कितीतरी जण जुनेच घेतात.

जवळच्या टकोमा शहरातल्या एका पार्किंगमध्ये विकणारा भेटला, अंधार पडल्यावर, पावसात. (दिवसाउजेडी भेटत नसेल तर जाऊच नका.) म्हणाला, "दोनदाच वापरलाय, गळ्याचं-मनगटाचं लेटेक्स रबर नवं आहे." लेटेक्स खरंच नवं होतं आणि मी तेच ताणून बघत बसलो. मग दोन पायांमधल्या शिवणीवर बोटाला चिकट लागलं. ताज्या सीलंटचा, म्हणजे गळती बुजवायच्या लेपाचा, वास आला. मी विचारलंसुद्धा! "जास्तीची काळजी म्हणून लावलंय," म्हणाला आणि मी मान डोलावली. दोनदा वापरलेल्या सूटला सीलंट कशाला लागेल? तो वास अजून नाकातून जात नाही. पैसे ॲपवरून, "मित्राला पाठवतोय असं टाका" म्हणाला, तसेच टाकले.

नशीब, आधी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन बसलो, बायकोला काठावर उभं करून. अर्ध्या मिनिटात आतलं उबदार फ्लीस भिजलं, पाय जड झाले, तोंडातून शब्द फुटेना. तिने दंडाला धरून ओढलं. सोबत घेतलेल्या जॅकेटची दोरी खेचली तर ते फुगलंच नाही. ते फुगवणारा गॅसचा छोटा सिलिंडर फिरवून काढला, टोकाला भोक. आधीच वापरलेला! विकत घेताना तो काढून बघायला दहा सेकंद लागतात.

बँकेत तीनदा फोन केला, दर वेळी अर्धा-पाऊण तास ताटकळलो. उत्तर एकच: पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ही फसवणूक धरता येत नाही. पोलिस म्हणाले, दिवाणी मामला आहे. मी सांगतोय की माणूस बुडाला असता, आणि समोरचा विचारतोय, "वस्तू मिळाली ना?" मिळाली, हो! मरायला पुरेल अशी मिळाली! कागदावर तक्रार घ्यायलाही नकार. जाहिरातीच्या साइटने तर माणूसच समोर आणला नाही, तीच ठरावीक ओळ चार वेळा आली. मग यांनी नक्की कशाची दखल घ्यायची, प्रेताची?

दुकानदाराने दोन मिनिटांत दाखवलं: सूट उलटा केला तर आतला थर पापुद्र्यासारखा सुटलेला. घरीही तपासता येतं. मनगटांत बाटल्या, गळ्यात डबा घट्ट बसवून सूट फुगवायचा आणि शिवणींवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले की गळती. विक्रेता याला तयार नसेल तर तिथूनच परत फिरा.

परवा त्याची जाहिरात पुन्हा दिसली. नारिंगी-काळा, मध्यम मापाचा, ५९० डॉलर, "दोनदाच वापरलेला". घेऊ नका.