नेटवर्क प्रिंटरचे आठ महिने

"काका, पीसी बंद करू नका, माझ्या सात प्रती बाकी आहेत!" संध्याकाळी साडेसहाला आमच्या ऑफिसात ही आरोळी ठरलेली असायची. करसल्लागाराचं छोटं ऑफिस, सहा कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर. तो यूएसबी केबलने हेडक्लार्क काकांच्या पीसीला जोडलेला आणि तिथून सगळ्यांना शेअर केलेला. काका रजेवर, की प्रिंटरही रजेवर.

आठ महिन्यांपूर्वी लॅन पोर्टवाला (नेटवर्कची केबल थेट लागते असा) ब्लॅक अँड व्हाइट लेझर घेतला आणि थेट स्विचला, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या केबल एकत्र येतात त्या डब्याला, जोडला. त्यात वाय-फायही आहे, पण मुद्दाम वापरलं नाही. केबल एकदा टाकली की तिच्याकडे बघावं लागत नाही.

पहिला पंधरवडा मजेत गेला. मग एका सोमवारी सहाही कॉम्प्युटरवर 'ऑफलाइन'. प्रिंटरचा हिरवा दिवा चालू, ट्रेमध्ये कागद, केबल जागेवर. बंद करून चालू केला, फक्त उदबत्ती ओवाळायची राहिली होती. शेवटी प्रिंटरच्याच मेनूतून नेटवर्कच्या माहितीचं पान छापलं. त्यावर प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) १९२.१६८.१.३७, आणि आमचे कॉम्प्युटर शुक्रवारच्याच, शेवटी .२४ असलेल्या पत्त्यावर जीएसटीची चलनं पाठवत बसलेले! राउटर डीएचसीपीने, म्हणजे आपोआप पत्ते वाटायच्या सोयीने, आयपी पत्ता ठरावीक मुदतीसाठीच देतो. शनिवार-रविवार प्रिंटर बंद होता, मुदत संपली आणि तो पत्ता कुणाच्या तरी मोबाइलला मिळाला. मग राउटरमध्ये प्रिंटरचा कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस टाकून एक पत्ता कायमचा राखून ठेवला आणि प्रत्येक कॉम्प्युटरच्या टीसीपी/आयपी पोर्टमध्ये (प्रिंट कुठल्या पत्त्यावर पाठवायची ती सेटिंग) तोच भरला. तेव्हापासून सोमवार शांत आहेत. हे बसवायला आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण तो टेस्ट पेज निघालं तसा चहा पिऊन गेला.

एका कॉम्प्युटरवर प्रिंट व्यवस्थित निघायची, तरी 'ऑफलाइन' दिसायचं. पोर्टच्या सेटिंगमधला एसएनएमपी स्टेटसचा (कॉम्प्युटर प्रिंटरला हालहवाल विचारतो ती सोय) टिकमार्क काढून टाकला, थांबलं.

कागदाचा घोळ मात्र महिनाभर पुरला. नवीन आलेल्या मुलीच्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) 'लेटर' ही अमेरिकी साइज राहिली होती. तिने प्रिंट दिली की प्रिंटर लेटर कागद मागत अडून बसे आणि मागे सगळ्यांची रांग. ए४ केलं, तेव्हा तिच्यावरचा आळही गेला.

स्कॅन थेट शेअर फोल्डरमध्ये जाण्याची सोय आहे, पण ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे त्याचा पासवर्ड बदलला की प्रिंटरमध्येही बदलावा लागतो. ते कुणाच्या लक्षात राहत नाही. सध्या पेनड्राइव्ह.

सप्टेंबरअखेरच्या ऑडिटच्या घाईत तिघांची पानं एकाच ट्रेमध्ये पडायची आणि एकाचा ताळेबंद दुसऱ्याच्या फायलीत जाता जाता वाचला. आता प्रत्येक जण आपली प्रिंट आपणच उचलतो. काका सोडून, त्यांची आम्ही नेऊन देतो.